डी. डी. कोसंबी : एक आयुष्य, पाच शोधनिबंध आणि ते तपासणारे लोक

डी. डी. कोसंबी हे नाव ऐकलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर इतिहासकार उभा राहतो. प्राचीन भारताचा इतिहास राजांच्या याद्यांतून बाहेर काढून नांगर, नाणी, व्यापारी वाटा आणि गावदेवतांपर्यंत आणणारा माणूस. पण जगातल्या कुठल्याही जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोसंबी हा शब्द उच्चारला, तर तिथल्या लोकांना इतिहास आठवत नाही. त्यांना एक सूत्र आठवतं. भात, गहू, मका, उंदीर आणि माणूस यांच्या जनुकांचे नकाशे काढताना ते आजही वापरलं जातं. ते १९४४ साली एका जीवशास्त्राच्या नियतकालिकात चार पानांत छापून आलं आणि लिहिणारे कोसंबी त्या वेळी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते.

याच कोसंबींनी १९५९ मध्ये आणखी एक शोधनिबंध छापला. त्यानं त्यांच्या गणिती म्हणून असलेल्या नावाला मोठा धक्का बसला.

एकाच माणसाच्या दोन निबंधांचं नशीब इतकं वेगळं का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण अशा एका व्यवस्थेपाशी पोचतो, जिच्याबद्दल बातम्यांमध्ये नेहमी उल्लेख येतो, पण ती नेमकी कशी चालते हे फारसं सांगितलं जात नाही. ती म्हणजे पीअर रिव्ह्यू, अर्थात शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांनी तो तपासणं.

पीअर रिव्ह्यू म्हणजे काय आणि ती कधीपासून आहे?

आजची पद्धत साधारण अशी असते. संशोधक आपला निबंध नियतकालिकाकडे पाठवतो. संपादक तो दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतो. त्यांची नावं बहुतेक वेळा लेखकाला कळत नाहीत. ते चुका दाखवतात, शंका विचारतात, दुरुस्त्या सुचवतात आणि छापावा की नाही याबद्दल मत देतात. शेवटचा निर्णय संपादकाचा.

ही पद्धत विज्ञानाइतकीच जुनी आहे असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ मध्ये सुरू झालं, तेव्हा काय छापायचं हे हेन्री ओल्डेनबर्ग हे सचिव एकटेच ठरवत. १७५२ मध्ये सोसायटीनं त्यासाठी समिती नेमली. लेखी अहवाल मागवण्याची पद्धत तिथे १८३०च्या दशकात आली. पण ती विद्वत्सभांची पद्धत होती, सगळ्या नियतकालिकांची नव्हे.

जीवशास्त्रात तर संपादकाचाच शब्द बराच काळ शेवटचा असे. डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरचे लेख १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले, ते घाईघाईनं, मित्रांच्या शब्दावर. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक १८८६ मध्ये निघालं, तेही हौशी आणि जाणकार निसर्ग-अभ्यासकांच्या एकमेकांवरच्या विश्वासावर चालणारं होतं. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध 'नेचर'मध्ये २५ एप्रिल १९५३ रोजी आला, तो बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवलाच नव्हता. 'नेचर'नं सगळ्या निबंधांना बाहेरून तपासणी सक्तीची केली ती १९७३ मध्ये. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं १९७६ मध्ये.

यामागं एक साधं व्यावहारिक कारणही होतं. टंकलेखन यंत्रावर कार्बन लावून निघालेल्या प्रती मोजक्याच असत. सहज वापरता येणारं झेरॉक्स यंत्र बाजारात आलं १९५९ मध्ये. त्यानंतर एकाच वेळी दोन-तीन परीक्षकांकडे प्रती धाडणं सोपं झालं. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञान इतकं फुटून वेगवेगळ्या शाखांत गेलं की एका संपादकाला सगळं कळणं अशक्य झालं.

कोसंबींची संशोधक म्हणून कारकीर्द १९३०च्या आसपास सुरू झाली आणि १९६६ मध्ये संपली. म्हणजे जुनी, ओळखीवर चालणारी पद्धत मागं पडत होती आणि नवी अजून पक्की झाली नव्हती, अशा मधल्या काळात ते लिहीत होते.

गोवा, पुणे, हार्वर्ड

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. ज्ञानाच्या शोधात घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास केलेला माणूस. 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाच्या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना बोलावून घेतलं होतं. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरलाही बरोबर नेलं.

मुलाचं शालेय शिक्षण केंब्रिजमध्ये झालं, अमेरिकेतल्या. पुढे हार्वर्डमध्ये त्यांनी गणित घेतलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. अनेक युरोपीय भाषा शिकले. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही, आणि ते भारतात परतले. त्यामुळे पुढे जन्मभर प्राध्यापकी केलेल्या या गणितज्ञाकडे डॉक्टरेट नव्हती. कुणाच्या हाताखाली शिस्तीत संशोधन शिकण्याचा, आपलं काम रोज कुणीतरी तपासून देण्याचा जो काळ इतरांना मिळतो, तो त्यांना मिळालाच नाही.

परतल्यावर ते बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागले. तिथून १९३१ मध्ये अलीगढला गेले. अलीगढच्या गणित विभागाचे प्रमुख होते आंद्रे वेय, वय अवघं पंचवीस. हे फ्रेंच गृहस्थ पुढे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांमध्ये गणले गेले.

पहिला निबंध : अस्तित्वात नसलेला गणिती

वेय यांच्या डोक्यात खोडकर कल्पना फार. कोसंबींना त्रास देणाऱ्या एका सहकाऱ्याची जिरवण्यासाठी त्यांनी एक युक्ती सुचवली. एका काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या नावानं निबंध लिहायचा आणि तो शोध आपल्याला माहीत नाही हे त्या सहकाऱ्याला कबूल करावं लागेल अशी व्यवस्था करायची. त्या गणितज्ञाचं नाव ठेवलं बुर्बाकी. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या एका जुन्या खोडीतून हे नाव आलं होतं.

कोसंबींनी खरोखरच बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाच्या विस्तारावर निबंध लिहिला. संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेनं तो छापलाही. पुढे काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी निकोला बुर्बाकी हे टोपणनाव घेऊन आधुनिक गणिताचे जाडजूड ग्रंथ लिहिले आणि ते नाव जगप्रसिद्ध झालं. छापील गणितात बुर्बाकीचं नाव आणण्याचा मान मात्र कोसंबींच्या या गमतीच्या निबंधाकडे जातो.

किस्सा मजेदार आहे, पण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. हा रशियन गणिती कोण, त्याचं पहिलं प्रमेय कुठे छापलंय, असं नियतकालिकातल्या कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटांत बिंग फुटलं असतं. तरुण कोसंबींना त्या दिवशी कळलं असेल की छापून येणं आणि तपासून घेतलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा निबंध : परीक्षकानं सही करून उत्तर दिलं

थोड्याच काळात कोसंबी पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले आणि १९४५ पर्यंत तिथेच राहिले. वक्र रेषांची आणि मार्गांची भूमिती हा त्यांचा आवडीचा विषय. १९३३ मध्ये त्यावरचा त्यांचा निबंध जर्मनीतल्या 'मॅथेमॅटिशे झाइटश्रिफ्ट' या नामांकित नियतकालिकात आला.

आणि त्याच अंकात, त्या निबंधाच्या लगेच पुढच्या पानावर, त्याच निबंधावर एली कार्तां यांचं टिपण छापलेलं होतं. कार्तां म्हणजे त्या काळातले भूमितीचे सर्वांत मोठे जाणकार. पुण्यातल्या एका अध्यापकाचं काम त्यांनी वाचलं, त्यातला प्रश्न महत्त्वाचा मानला आणि तो आपल्या पद्धतीनं कसा सुटतो हे स्वतःच्या नावानिशी मांडलं. पुढे शिंग-शेन चर्न या चिनी गणितज्ञानं त्यात भर घातली. आज हा विषय कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत म्हणून ओळखला जातो. विशेष म्हणजे नंतरच्या काळात जीवशास्त्रज्ञांनी, प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या संख्या काळानुसार कशा बदलतात हे अभ्यासताना, तो वापरला.

चांगली तपासणी काय करू शकते याचा हा नमुना. ती फक्त दार अडवत नाही. ती लेखकाच्या हातात नसलेलं हत्यार त्याच्या हातात देते. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, कोसंबींना रामानुजन स्मृती पुरस्कार मिळाला.

नाण्यांच्या वजनातून संख्याशास्त्राकडे

१९३०च्या दशकाच्या शेवटी कोसंबी संख्याशास्त्र शिकू लागले, तेही स्वतःचं स्वतः. एखादा विषय कळायचा असेल तर त्यातला खराखुरा प्रश्न घ्यावा, ही त्यांची रीत. त्यांनी घेतला आहत नाण्यांचा प्रश्न. ठसे मारलेली ही चांदीची नाणी प्राचीन भारतात चालत. त्यांच्यावर ना राजाचं नाव, ना साल.

कोसंबींचं म्हणणं असं : नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. म्हणजे जुनं नाणं हलकं झालेलं असणार. एकाच वेळी पुरलेल्या साठ्यातली नाणी काटेकोरपणे तोलली, तर वजनांच्या फरकावरून कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवता येईल. त्यांनी हजारो नाणी तोलली. चलनामुळे नाण्याच्या वजनावर होणाऱ्या परिणामाबद्दलचं त्यांचं टिपण १९४२ मध्ये बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये आलं.

इथूनच एका बाजूला त्यांचा इतिहास सुरू झाला आणि दुसऱ्या बाजूला जनुकांपर्यंत नेणारी वाट.

तिसरा निबंध : बरोबर होता, पण कुणी वाचला नाही

१९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात कोसंबींचा आणखी एक निबंध आला. एखादी सतत बदलणारी, बेभरवशाची गोष्ट मोजक्या साध्या घटकांत कशी फोडता येईल, याची रीत त्यात होती. आवाज, चित्र किंवा हवामानाचे आकडे कमी जागेत साठवताना आज अशाच रीतीचा उपयोग होतो.

हीच कल्पना फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे, पण काही वर्षांनंतर मांडली. पाठ्यपुस्तकांत नाव लागलं त्या दोघांचं. महायुद्ध चालू होतं, भारतातले अंक परदेशी ग्रंथालयांत वेळेवर पोचत नव्हते. आता अनेक जण कोसंबींचं नावही त्यात जोडतात, पण त्यांच्या हयातीत हे श्रेय त्यांना मिळालं नाही.

म्हणजे काम बरोबर असणं पुरत नाही. ज्यांनी ते तपासायला हवं, वापरायला हवं, त्यांच्या टेबलावर ते पोचावंही लागतं.

चौथा निबंध : जनुकांमधलं अंतर

आता तो चार पानांचा निबंध. तो समजून घ्यायला थोडं जीवशास्त्र लागेल.

पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे पावसाळ्यात जे भात लावलं जातं, त्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून, एक बापाकडून. प्रत्येक गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी जनुकं ओळीनं बसलेली. समजा, एका मण्यावर रोपाची उंची ठरते आणि दुसऱ्यावर करपा रोगाला तोंड देण्याची ताकद. हे दोन मणी जवळ असतील तर पुढच्या पिढीत बहुधा बरोबरच जातील. पण बीजपेशी तयार होताना जोडीतली गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. मणी जितके दूर, तितकी त्यांच्या मध्येच माळ तुटून अदलाबदल होण्याची शक्यता जास्त.

मग पुढच्या पिढीत किती टक्के रोपांत ही जोडी फुटली, ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. अमेरिकेत टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतला विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यानं फळमाशीवर हे काम करून १९१३ मध्ये जनुकांचा पहिला नकाशा छापला. अंतराच्या एककाला पुढे सेंटिमॉर्गन हे नाव मिळालं.

अडचण अशी की दोन मण्यांच्या मध्ये अदलाबदल दोनदा झाली, तर टोकं पुन्हा पहिल्यासारखी दिसतात. म्हणजे मोजणीत ती अदलाबदल दिसतच नाही आणि अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिलं. त्यांनी धरलं की एका जागची अदलाबदल दुसऱ्या जागच्या अदलाबदलीवर काहीच परिणाम करत नाही. पण प्रत्यक्षात परिणाम होतो. एका ठिकाणी अदलाबदल झाली की अगदी शेजारी दुसरी होणं सहसा टळतं.

कोसंबींनी हाच धागा पकडला. त्यांनी धरलं की हा अडथळा जवळच्या जनुकांमध्ये जवळजवळ पूर्ण असतो आणि अंतर वाढेल तसा हळूहळू नाहीसा होतो. या एका समजुतीवरून त्यांनी सुटसुटीत सूत्र काढलं.

आकड्यांत बघू. क, ख, ग ही तीन जनुकं ओळीनं आहेत. क आणि ख यांची जोडी २० टक्के वेळा फुटते, ख आणि ग यांचीही २० टक्के. मग क आणि ग यांची किती वेळा फुटेल? अडथळा नाहीच असं धरलं तर ३२ टक्के. अडथळा पूर्ण आहे असं धरलं तर ४० टक्के. कोसंबींचं सूत्र म्हणतं, साधारण ३४.५ टक्के. त्याचप्रमाणे ३० टक्के वेळा फुटणाऱ्या जोडीचं अंतर हाल्डेन यांच्या सूत्रानं जवळपास ४६ सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या सूत्रानं ३५ च्या आत. अनेक सजीवांच्या बाबतीत कोसंबींचा आकडा प्रयोगाच्या जास्त जवळ जातो.

हा निबंध १९४४ मध्ये लंडनच्या 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये छापून आला. १९२५ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी सुरू केलेलं आणि नंतर रोनाल्ड फिशर यांनी सांभाळलेलं हे नियतकालिक. माणसांची पैदास सुधारण्याचा युजेनिक्सचा विचार घातक होता, आणि १९५४ मध्ये नियतकालिकानं ते नाव टाकून मानवी जनुकशास्त्राचं नाव घेतलं. पण संख्याशास्त्र आणि जनुकशास्त्र दोन्ही कळणारे वाचक त्या काळी जिथे एकत्र सापडत, ती जागा हीच होती.

जीवशास्त्राच्या बहुतेक नियतकालिकांत तेव्हा आजच्यासारखी पक्की तपासणी नव्हती. तरी हा निबंध टिकला, कारण तो योग्य वाचकांपुढे गेला आणि त्यातलं विधान कुणालाही तपासून बघता येण्याजोगं होतं. माश्या मोजा, कणसं मोजा, आकडा जुळतो का पाहा. छापण्याआधीची तपासणी कशीही असो, छापल्यानंतरची तपासणी गेली ऐंशी वर्षं चालू आहे.

टाटा इन्स्टिट्यूट, डेक्कन क्वीन आणि इतिहास

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावलं. संस्था मुंबईत, कोसंबींचं घर पुण्यात. डेक्कन क्वीननं त्यांचं येणं-जाणं चाले. १९४८-४९ मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आले, शिकागो विद्यापीठात भूमिती शिकवली, प्रिन्स्टनला आइनस्टाइन यांच्याशी चर्चा केल्या.

त्याच काळात दुसरं काम जोरात होतं. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये आली. 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' हे पुस्तक १९५६ मध्ये, 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' १९६२ मध्ये. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणी, म्हसोबा आणि सटवाईची ठाणी त्यांनी पायी फिरून पाहिली. विचारानं मार्क्सवादी, पण पोथीनिष्ठ नव्हेत. शांतता चळवळीत ते पुढे होते. अणुऊर्जेपेक्षा भारतानं सौरऊर्जेकडे वळावं, असं ते उघडपणे म्हणत. ज्या संस्थेत नोकरी होती तिचे संचालक देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख होते, हे लक्षात घेतलं म्हणजे हे बोलणं किती महागाचं होतं ते कळेल.

पाचवा निबंध : तपासनीसच नव्हता

गणितात एक प्रश्न १८५९ पासून सुटलेला नाही. रीमान यांचं गृहीतक. २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्या मोजणीच्या ओळीत कुठे कुठे पडतात, त्यात नेमका किती नियम आणि किती अनियम आहे, याच्याशी त्याचा संबंध आहे. २००० सालापासून त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे, आणि तो आजही सुटलेला नाही.

कोसंबींना वाटलं, याला संख्याशास्त्रानं भिडता येईल. योग्य लांबीचे तुकडे घेतले तर त्यांत पडणाऱ्या मूळ संख्या एखाद्या यादृच्छिक नमुन्यासारख्या वागतात, मग संभाव्यतेचे नियम लावून गृहीतक सिद्ध होईल. हा निबंध १९५९ मध्ये आला तो 'जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स'मध्ये.

हे नियतकालिक आपल्या क्षेत्रात भक्कम होतं. पीक कापणीचे नमुने कसे घ्यावेत, शेतावरच्या प्रयोगांची आखणी कशी करावी, याची त्या काळातली चर्चा तिथे होई. पी. व्ही. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांच्या कामामुळे भारत या विषयात जगात पुढे होता. पण मूळ संख्यांच्या सिद्धतेत भोक कुठे आहे, हे सांगणारा माणूस शेतीच्या संख्याशास्त्रात असण्याचं कारण नव्हतं.

आणि भोक होतं. मूळ संख्या यादृच्छिक नमुन्यासारख्या दिसतात हे खरं, पण दिसणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. त्या खरोखर नाणेफेक करून पडलेल्या नाहीत, ठरलेल्या आहेत. मधली ही पायरी कोसंबींनी ओलांडली, पण तिच्याखाली आधार नव्हता. जाणकार परीक्षकानं पहिल्याच वाचनात तिथे खूण केली असती.

मूळ कल्पना फुकट होती असं मात्र नाही. १९७६ मध्ये पॅट्रिक गॅलघर यांनी दाखवलं की एक वेगळं, अजून सिद्ध न झालेलं गृहीतक मान्य केलं, तर मूळ संख्या आखूड तुकड्यांत तशाच विखुरलेल्या असतात. कुणी कोसंबींना वेळीच सांगितलं असतं की सिद्धता म्हणून नको, प्रश्न म्हणून मांडा, तर कदाचित तो चांगला निबंध ठरला असता.

ते मागं हटले नाहीत. १९६३ मध्ये याच विषयावरचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. तिथे तेव्हा अकादमीच्या सदस्यामार्फत निबंध जात. एस. ड्युक्रे या टोपणनावानंही त्यांनी काही निबंध छापले. पण गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांचं वजन कमी झालं होतं. १९६२ मध्ये टाटा संस्थेतल्या त्यांच्या नोकरीचा करार पुढे वाढवला गेला नाही. भाभांशी मतभेद, अणुऊर्जेवरची टीका, इतिहासात जाणारा वेळ, अशी अनेक कारणं त्यामागं होती. पण हा निबंध विरोधकांच्या हाती आयताच मिळाला.

शेवटची वर्षं

१९६४ मध्ये त्यांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचं मानद पद मिळालं आणि ते पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय अठ्ठावन्न. २००८ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांच्या नावानं तिकीट काढलं.

मग पीअर रिव्ह्यूबद्दल काय समजायचं?

कोसंबींचे पाचही निबंध शेजारी ठेवले तर काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

छापून आलेलं सगळं तपासलेलं नसतं. बुर्बाकीचा निबंध त्याचा पुरावा. म्हणून एखाद्या संशोधनाची बातमी वाचताना, ते कुठे छापलंय आणि त्या विषयातल्या लोकांनी ते पाहिलंय का, हे विचारायला हवं.

तपासणारा त्याच विषयातला हवा. शेतीचं नियतकालिक कमी दर्जाचं नव्हतं, तो प्रश्न त्याच्या अंगणातला नव्हता. परीक्षक दुसऱ्या विषयातला असेल तर तपासणी केवळ नावाची उरते.

तपासणी लेखकाच्या विरोधात नसते. कार्तांच्या टिपणानं कोसंबींचं नाव कायमचं सिद्धांताला जोडलं गेलं. १९५९ मध्ये कुणी अडवलं नाही, हेच त्यांचं नुकसान ठरलं. प्रतिष्ठित, बुद्धिमान आणि फटकळ माणसाला चूक दाखवायला लोक कचरतात. अशा माणसाला नाव न सांगता स्पष्ट बोलणाऱ्या परीक्षकाची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

आणि तपासणी छापण्यापाशी संपत नाही. आज पीअर रिव्ह्यूलाही मर्यादा आहेतच. परीक्षक चुकतात, नव्या कल्पनेला अडवतात, बनावट आकडे त्यांच्या नजरेतून सुटतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही बोकाळली आहेत. अशा वेळी खरी कसोटी लागते ती पुढच्या माणसाच्या प्रयोगात. १९८७ मध्ये जनुकांचे नकाशे काढणारी 'मॅपमेकर' ही संगणक प्रणाली आली, तिच्यात दोन सूत्रांचा पर्याय होता. एक हाल्डेन यांचं, दुसरं कोसंबींचं. तेव्हापासून करपा न पडणारं किंवा कमी पाण्यावर तगणारं भात शोधणारे कित्येक संशोधक अंतर मोजताना दुसरा पर्याय निवडतात. त्यातल्या अनेकांना हे कोसंबी म्हणजे इतिहास लिहिणारे कोसंबी, याचा पत्ताही नसतो.